वरचा आवाज

बायको बकुळा गेल्यापासून जनार्दनरावांना सगळ्याचाच कंटाळा आला होता. उत्तरेत, सीपरी बाजारातल्या घरी खुर्चीत बसायचं आणि तीच एक जुनी तबकडी लावायची, एवढंच उरलं होतं. लग्नाआधी बकुळा आणि तिची धाकटी बहीण इंदिरा, दोघींनी दिल्लीला जाऊन गिटार-ड्रमच्या साथीवर एक हिंदी गाणं गायलं होतं. बकुळेचा आवाज या जगात शिल्लक होता तो तेवढाच.

तबकडीवर दोघींचे आवाज अगदी एकजीव झालेले. तरी खालच्या पट्टीतला, मऊ, मागे मागे राहणारा तो बकुळेचा, हे जनार्दनरावांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यात विचारायचं काय? बाई घरात कधी मोठ्यानं बोलली नाही. गाणं तर सासरी आल्यावर सुटलं ते सुटलंच.

त्या दुपारी मुलगा श्रीकृष्ण मोबाइल घेऊन आला.

"बाबा, कंपनीनं गाणं मूळ टेपवरून नव्यानं काढलंय. रिमास्टर! एकदम साफ. दोनों आवाज अलग-अलग, एकेका कानात."

"राहू दे रे, थकलोय मी," म्हणत म्हणत त्यांनी हेडफोन चढवलाच.

डाव्या कानात तो मऊ आवाज आला आणि त्यांचे डोळे भरले. मग उजव्या कानात वरचा आवाज सुरू झाला. तबकडीवर दबून गेलेला हा आवाज इथे बेधडक चढत होता, कुणाची म्हणून भीड नव्हती त्याला. आणि प्रत्येक ओळीआधी घशातल्या घशात एक बारीकसं "हं".

जनार्दनराव ताठ झाले. "जेवायला चला" म्हणण्याआधीसुद्धा बकुळा अस्संच "हं" करायची.

त्यांनी लगेच मोठ गावी राहणाऱ्या इंदिरेला फोन लावला.

"इंदू, गाण्यात खालचा आवाज कोणाचा?"

"माझा! वरचे सूर ताईशिवाय कोणाला झेपणार होते?" इंदिरा हसली, मग एकदम थांबली. "भाऊजी, तुम्हाला सच में ठाऊक नव्हतं? घरी गायची ना ती?"

हेडफोन गळ्यात तसाच लोंबत होता. बायको गेल्यापासून जनार्दनराव रोज रडले होते, ते मेव्हणीच्या आवाजावर.

"नाही," ते म्हणाले. "मी कधी गा म्हटलंच नाही तिला."