अर्ध्या शब्दांची शाळा

त्या शाळेत अर्ध्या शब्दांचा सुळसुळाट होता. शिक्षकांनी म्हणायचं, "पृथ्वी सूर्याभोवती फिर—" आणि अख्ख्या वर्गाने सूर लावायचा, "—ते!" सूर असा खणखणीत, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय हुशार पोरं आहेत!

नव्या बाई मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाल्या आणि त्यांनी आल्या आल्या यालाच हात घातला. "अर्धा शब्द बंद. पोरांना पुरतं बोलू द्या. चुकू द्या. आपण थांबायचं."

"थांबून अभ्यासक्रम संपतो होय?" गणिताचे सर पुटपुटले.

एवढ्यावर न थांबता बाईंनी ठरवलं, की पालकसभेत मुलांची प्रगती शिक्षकांनी सांगायचीच नाही. मुलांनी आपापल्या घरच्यांना स्वतः सांगायची.

"म्हणजे रोग्यानेच आपली नाडी बघायची!" संस्थेचे अध्यक्ष हसले. मग हसू आवरून म्हणाले, "ठीक आहे. माझी नात चौथीत आहे. मीच बसतो तिच्यासमोर. तिला सांगता आलं तर चालू ठेवा. नाहीतर पुढच्या सभेपासून जुनी रीत."

नात म्हणजे चिमणी. शाळेत तिचा आवाज ऐकलेला माणूस विरळाच.

सभेच्या दिवशी चिमणी पाटी-पेन्सिल घेऊन आजोबांसमोर उभी राहिली. उभीच राहिली. शेजारच्या बाकांवर पोरं तावातावाने आपापल्या आयांना काय काय समजावत होती आणि इथे नुसती चुळबुळ. सरांनी तोंड उघडलं, तसं बाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. खरं तर त्यांचीच जीभ शिवशिवत होती. घरी धाकटा मुलगा पायात उलटा मोजा ओढत बसायचा, तेव्हा त्या स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरायच्या. तसेच आत्ता धरले होते.

शेवटी धीर सुटला तो आजोबांचा. नातीची कड घ्यायला ते पुढे वाकले आणि लाडाने म्हणाले, "सांग ना बाळ. भागाकार मला छान जम—"

"—त नाही," चिमणी म्हणाली.

सरांनी डोळे मिटले. बाईंना वाटलं, संपलं.

"काय?" आजोबा म्हणाले.

"मला भागाकार जमत नाही, आजोबा. म्हणजे सगळा नाही असं नाही. एकाच ठिकाणी अडतं. दाखवू?" उत्तराची वाट न बघता तिने पाटीवर सहाशे बारा मांडले. "याला सहाने भागायचं. सहा एके सहा. मग हा एक खाली उतरवला. एकात सहा जात नाहीत, म्हणून वर शून्य मांडायचं. मी ते विसरते आणि दोन उतरवून मोकळी होते. मग उत्तर येतं बारा."

"मग? बाराच की!" आजोबा म्हणाले.

"अहो आजोबा, ताळा करा ना! बारा सक बाहत्तर. कुठे बाहत्तर, कुठे सहाशे बारा! मी आता रोज ताळा करते. दोनदा चुकते, पण माझं मलाच सापडतं."

आजोबांनी पाटी ओढून घेतली. ओठ हलवत पाढा म्हटला, शून्य मांडलं, पुन्हा गुणून पाहिलं. "एकशे दोन," ते हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळले. "प्रगतिपुस्तकात आम्हाला नुसतं 'बरे' लिहून यायचं हो. अडतंय कुठे, ते आज कळलं. चालू ठेवा."

"आजोबा, अजून भूगोल राहिलाय," चिमणी म्हणाली.

"बसलोय ना मी!"

बाई शिक्षकांच्या खोलीत येऊन बसल्या. मागोमाग सर पाण्याचा पेला घेऊन आले.

"बाई, हसताय का रडताय?"

"कळत नाहीये हो," बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "जरा थांबा. माझं मला सांगू द्या."