माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या मायलेकी

मी बोलतोय, कॉलेजच्या गेटबाहेर, मुरुडच्या रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला सूचना फलक. तसं बोलायचं काम माझंच, पण काय बोलायचं ते दुसरे ठरवतात. आज मात्र स्वतःचं सांगणार आहे.

माझा जन्म रेवदंड्याच्या एका सुताराकडे झाला. फणसाची चौकट, आत हिरवं कापड, पुढे काच आणि काचेला कुलूप. निघताना सुताराने पाठ थोपटली, "जा, लोकांच्या कामाला ये." बिचारा भला माणूस. त्याला वाटलं, कुलूप चोरांसाठी आहे.

कॉलेजने आपली मान्यता, फी, शिक्षक, तक्रार कुठे करायची, हे सगळं मुलांना आणि गावालाही उघड सांगावं असा नियम आहे. त्यासाठी मला आणलं. पण इथे कागद लागतो तो फोटोसाठी. सुजित नावाचा कारकून येतो, कुलूप उघडतो, कागद टाचतो, तारीखवेळेसह फोटो काढून वर सरकारकडे पाठवतो. फोटो पोचला की कागद खाली. मग परत माझ्या छातीवर 'प्रवेश सुरू आहेत' आणि नर्सच्या वेशातली हसरी मुलगी. खाऱ्या वाऱ्याने माझी बिजागरं खाल्ली, तिचं हसू मात्र तसंच आहे.

एकदा नर्सिंगच्या कोर्सचा कागद आला. मान्यता गेली होती. यंदापासून प्रवेश घेणाऱ्यांना परीक्षेला बसता येणार नाही, असं ठळक अक्षरात होतं. सुजितने तो टाचला. या वेळी फोटोत पालक आणि विद्यार्थी दिसायला हवेत, असंही वरून बजावलं होतं. तो रस्त्याकडे बघत उभा राहिला.

तेवढ्यात एसटी थांबली आणि केसर उतरली. मुरुडच्या कोळीवाड्यातली मासळीवाली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी. बरोबर लेक भाविका. नर्सिंगला नाव घालायला आल्या होत्या.

"मावशी, जरा इथे उभ्या राहा दोघी. कॉलेजसाठी फोटो पाहिजे," सुजित म्हणाला.

केसर हरखली. "माजी पोर मासलीची पाटी न्हाय उचलनार आता, दादा. सुई टोचनार लोकांना. मना पन धाडा बरं का यो फोटू."

भाविका वळून माझ्याकडे बघू लागली. तिची नजर पहिल्या ओळीवर पोचली असेल-नसेल, तोच आईने खांद्याला धरून फिरवली. "सरल उबी र्‍हा गो. त्वांड दिसलं पायजे."

कोळीवाड्यात फोटो असाच काढतात, लग्नातला असो की होडीच्या पूजेतला. ताठ उभं राहायचं, कॅमेऱ्यात बघायचं. दोघींनी माझ्याकडे पाठ केली आणि गोड हसल्या. मी ओरडलो असतो, पण काचेला कुठे तोंड असतं? "चला, ऑफिसात सोडतो," म्हणत सुजितने कागद काढला आणि खिशात घातला. प्रवेश लगेच झाला. नाही म्हणायला कोण होतं?

वर्षभर भाविका माझ्यासमोर एसटीतून उतरायची, पांढरा गणवेश मळू नये म्हणून ओढणीने झाकत. परीक्षा आली, तिचं नाव आलं नाही. ऑफिसात म्हणाले, सूचना लावली होती.

केसर खवळली. तक्रार केली. चौकशीला एक साहेब आले. प्राचार्य आणि साहेब, दोघे गेटपाशी माझ्यासमोर उभे.

"आमाला कोनी सांगलं न्हाय! त्या दिशी कायबी लावलेलं नव्हतं," केसर म्हणाली आणि पिशवीतून चौकटीतला फोटो काढला. सुजितने मोबाईलवर धाडलेला, मुरुडच्या बाजारातून मोठा करून घेतलेला, घरात देवांशेजारी टांगलेला. "ह्यो बघा पुरावा. त्याच दिशीचा हाय."

साहेबांनी चष्मा पुसला. फोटो डोळ्यांजवळ नेला. दोघींच्या खांद्यांच्या मधून त्यांनी माझ्या छातीवरची ओळ न् ओळ मोठ्याने वाचली.

"बाई, हे तर तुमच्या मागेच लावलंय. वर्षभर घरातही होतं."

प्राचार्यांनी नुसती मान हलवली. भाविकाने फोटो हातात घेतला. वर्षभर तिने त्यात स्वतःचं आणि आईचं तोंडच पाहिलं होतं. आपल्या फोटोत माणूस दुसरं काय बघतो? तिने तो पूर्ण वाचला आणि आईला म्हणाली, "चल गो आये." केसर मात्र हललीच नाही. लेकीच्या खांद्यावर, जिथे धरून तिने तिला फिरवलं होतं, तिथे हात ठेवून उभी राहिली.

भाविका आता सकाळच्या टेम्पोने जाते. डोक्यावर बर्फ गळणारी पाटी. माझ्याकडे बघत नाही. तिचा मला राग येत नाही, स्वतःचा येतो.

माझी काच आता तडकली आहे, पण कुलूप शाबूत आहे. माझी एकच विनवणी आहे. माझ्यासमोर उभे राहिलात तर आधी मागे वळा. कोणी कितीही गोडीने बोलावलं, तरी आधी वळा.

आज सुजितने नवा कागद टाचला आहे. एसटीतून एक बाई उतरतेय, बरोबर तिची मुलगी. तो मोबाईल काढून हसतोय.

"मावशी, जरा इकडे बघा."