एकोणिसावा नियम

शिक्क्याच्या लाकडी मुठीपर्यंत ऊन अजून पोचलं नव्हतं. खिडकीच्या गजांमधून ते आधी फायलींच्या गठ्ठ्यावर उतरलं, मग टेबलाच्या काचेवर रेंगाळलं, काचेखालच्या जुन्या दिनदर्शिकेवरून तारीख तारीख ओलांडत आता शाईच्या डबीच्या कडेला येऊन टेकलं होतं — चैत्रातलं, पण सकाळचं. धुळीतून गाळून आलेलं, पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखं पातळ. वरद ते पाहत होता. ऊन शिक्क्याला शिवेपर्यंत काही लिहायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. आणि उन्हाला घाई नव्हती.

समोर यादी होती. उद्योगांवरचा नियमांचा भार हलका करायचा म्हणून वरून आलेली — चाळीस नियम, प्रत्येकापुढे एक रकाना : ठेवावा की रद्द करावा, कारणासह. एकोणचाळीस रकाने त्यानं भरले होते. भिंतींना चुना कधी लावला त्याची वेगळी नोंदवही, एकच माहिती तीन कचेऱ्यांना तीन प्रतींत... रद्द, रद्द. ते लिहिताना त्याला खरोखर मोकळं वाटलं होतं. उरला होता एकोणिसावा : कामगारांच्या पिण्याच्या पाण्याची निरीक्षकानं दर तिमाहीला समक्ष पाहणी करावी. हा गेला, की पाणी पुरेसं आहे असं मालकानंच लिहून द्यायचं. पाहायला कुणी जायचं नाही.

तीन वर्षं ती पाहणी वरदच करत होता.

“काय वरदराव, मुहूर्त शोधताय का?” कचेरीतले जुने निरीक्षक सदाशिवराव चष्मा पुसत टेबलाशी थांबले. “अकराला यादी जायचीय.”

“एकोणिसावा राहिलाय.”

“उडवा की तो. नाही तरी शिडी कोण चढतंय?” ते स्वतःशीच हसले आणि पुढं गेले.

वरद हसला नाही. आठ दिवस तो या रकान्यासाठी एक वाक्य घडवत होता. ज्वारीच्या रानांत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत असताना, आणि त्याच भिंतींबाहेर पहाटेपासून टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी उन्हात तापत असताना, कामगाराच्या तहानेची दखल घेणारी ही एकच शासकीय नजर... वाक्य सुंदर होतं. ‘नजर’ या शब्दाशी मात्र ते दर वेळी अडखळायचं.

रुजू झाला त्या दिवशी सदाशिवरावांनीच शिकवलं होतं — टाकीचं झाकण उघडायचं नसतं. धूळ पडते, शिडी हलते, कपडे मळतात. खालून बोटाच्या पेरानं वाजवायची. भरलेली ठस्स बोलते, रिकामी ढण्ण. त्याला ते आवडलं होतं. लोकांच्या देखत शिडीवर चढणं, खालून सगळे पाहत असणं — ते आपल्याला कधीच जमलं नसतं, असं त्याला वाटे... कान लावून उभं राहणं मात्र जमत होतं.

गेल्या सोमवारी वाळूजच्या वाटेवरच्या त्या कारखान्यात टाकीच्या सावलीत एक बाई भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली होती. दगडाबाई — फुलंब्रीहून रोज येणारी. त्यानं बोट उचललं तशी ती म्हणाली, “वर चढून बघा की साहेब. वाजवून काय कळतं? तबलजी हायेत का तुम्ही?”

शेजारची हसली. व्यवस्थापकही हसले, चहाचा कप पुढं करत म्हणाले, “दगडाबाई, साहेबांना काम करू दे.”

“करू द्या की. आम्ही काय हात धरला व्हय?” तिनं घरून आणलेली बाटली तिरकी केली, घोटभर प्याली आणि उरलेलं शेजारणीकडं सरकवलं.

शिडी भिंतीला टेकून उभी होती. आठ पायऱ्या, त्यानं मोजल्या होत्या. मग त्यानं तीनदा वाजवलं, चहा घेतला, नोंदवहीत ‘पुरेसे’ लिहिलं आणि त्यावर ‘समक्ष पाहिले’ हा शिक्का उमटवला.

त्यानंतर आठ दिवस तो स्वतःला समजावत होता — वारा होता, आत यंत्रांची घरघर होती, नीट ऐकू आलं नसेल. टाकी निम्मी तरी असेल, आणि निम्मी म्हणजे अपुरी असं कुठल्या नियमात म्हटलंय...

ऊन शिक्क्यावर आलं. मुठीवरचा त्याच्याच अंगठ्याचा काळसर डाग त्यात उजळून निघाला. त्यानं लेखणी उचलली. ‘ठेवावा’ लिहायला त्याच्या तीन वर्षांच्या पाहण्यांचं कारण द्यावं लागलं असतं. ‘रद्द’ लिहायलाही त्याच पाहण्या पुरल्या असत्या. वाक्य आठवेना. रकाना तसाच पांढरा राहिला, आणि त्याच्याकडं पाहता पाहता समजावण्या एकेक करून थकून खाली बसल्या.

सोमवारी त्या वेळी जेवणाची सुट्टी होती. यंत्रं बंद होती. टाकी ढण्ण वाजली होती, आणि त्यानं ते ऐकलं होतं.