थदडीच्या दिवशी मी विझलो

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. चहाचा नाही हं मित्रांनो, सुयांचा! माझ्यावर कधी दूध उतू गेलं नाही की पोहे परतले गेले नाहीत. माझ्यावर उकळल्या त्या फक्त इंजेक्शनच्या सुया आणि काचेच्या सिरिंजा. याचा मला अजूनही अभिमान वाटतो, आणि तो मी अजिबात लपवणार नाही.

बोहरी आळीतल्या एका दुकानातून मला दवाखान्यासाठी विकत घेतलं, तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं तेव्हा पुण्याच्या कडेला, लष्कराच्या रिकाम्या बरॅकींमध्ये राहत होती. एकेका बरॅकीत कितीतरी कुटुंबं, आणि दोन घरांमध्ये भिंत म्हणून गोणपाटाचा पडदा. त्यांचा दवाखाना म्हणजे कोण, तर नर्स प्रेमलाताई, कंपाउंडर शरच्चंद्र आणि मी! ताई पंप मारायच्या, मी फरर्र करून पेटायचो, आणि लहान मुलं तो आवाज ऐकूनच पळत सुटायची.

पण मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट श्रावणातली आहे. शेजारच्या बरॅकीत पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. नळाला पाणी कमी यायचं, म्हणून लोक जुन्या विहिरीचं पाणी प्यायले होते. दोन माणसं गेली. आता म्हाताऱ्या भागीबाई राहत त्या बरॅकींच्या ओळीतल्या सगळ्यांना त्याच दिवशी टोचायला हवं होतं, कारण टोचल्यावरही लस अंगात भिनायला काही दिवस लागतात आणि पटकी तेवढी थांबत नाही.

ताई घाईत होत्या. त्यांनी कोणाला न विचारता मला भागीबाईंच्या ओसरीवर, नेहमीच्या जागी ठेवलं आणि पेटवलं. पाणी नुकतं गुणगुणायला लागलं होतं, तेवढ्यात भागीबाई आतून आल्या आणि त्यांनी माझ्यावर कळशीभर पाणी ओतलं. मी फस्स करून विझलो. मित्रांनो, असा अपमान माझा जन्मात झाला नव्हता!

"आज आग नहीं, बेटी," भागीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

मग हळूहळू सगळं कळलं. त्या दिवशी त्यांची थदडी होती. थदडी म्हणजे शीतळादेवीचा सण. आदल्या दिवशी लोले, म्हणजे जाडसर गोड पोळ्या, करून ठेवायचे, चुलीवर पाणी शिंपडून ती शांत करायची, आणि सणाच्या दिवशी घरात विस्तव म्हणून पेटवायचा नाही. फाळणीच्या वर्षी वाटेतल्या छावणीत त्यांना हे पाळता आलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा नातू तापाने गेला. आता एकच नात उरली होती, चार वर्षांची मोहिनी. देवीला पुन्हा दुखवायची त्यांची हिंमत नव्हती. सगळ्या बायका त्यांच्या मागे उभ्या होत्या. उद्या या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

शरच्चंद्र सामान आवरायला लागले. "चला. पटकीला सांगू, आज सण आहे, उद्या ये," ते म्हणाले. पुण्याचेच ते!

ताई हलल्या नाहीत. त्या खाली बसल्या, मला पुसत राहिल्या, आणि मग त्यांनी भागीबाईंना विचारलं की विस्तव कुठे चालत नाही, घरात, ओळीत, की सगळ्या जगात? भागीबाई विचारात पडल्या. त्यांनी दुसऱ्या म्हातारीला विचारलं, तिने तिसरीला. शेवटी ठरलं, ओळीत नको.

रस्त्यापलीकडे दादामियाँचं सायकलचं दुकान होतं. ताईंनी मला उचललं आणि थेट तिकडे निघाल्या. मागून कोणीतरी पुटपुटलं, त्याच्याकडे कशाला? ज्यांनी फाळणीत सगळं गमावलं, त्यांच्या तोंडून ते आलं होतं. ताईंनी ऐकलं, पण पाय थांबवले नाहीत.

दादामियाँनी मला हातात घेतलं. माझा भिजलेला बर्नर पुसला, पिन मारली, स्पिरिट ओतलं. "द्या ताई, हवा भरायचाच तर माझा धंदा आहे," म्हणाले आणि पंप मारायला लागले. मी पेटलो! जसा कधी पेटलो नव्हतो तसा!

थोड्या वेळाने दारात भागीबाई. विस्तव रस्ता ओलांडत नाही ना, हे बघायला त्या स्वतः आल्या होत्या. इतक्या महिन्यांत त्या रस्त्याच्या या बाजूला कधी आल्या नव्हत्या. दादामियाँनी स्टूल पुसून पुढे सरकवलं. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग बसल्या.

सुया उकळल्यावर ताईंनी डबा झाकणासकट निवू दिला. मग तो भागीबाईंच्या हातात दिला. "बघा, थंड आहे."

भागीबाईंनी डबा गालाला लावून पाहिला, आणि तो स्वतःच छातीशी धरून रस्त्यापलीकडे नेला. पहिली मोहिनीच बसली. तिने असं भोकाड पसरलं की मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आलं! मग बाकीच्यांची रांग लागली, आणि वापरलेल्या सुया पुन्हा उकळायला माझ्याकडे येत राहिल्या. शेवटच्या हातापर्यंत ताई थांबल्या नाहीत, आणि मीही विझलो नाही.

त्या पावसाळ्यात भागीबाईंच्या ओळीत पटकी आली, दोघं आजारीही पडली, पण गेलं कोणी नाही.

पुढे मी पुष्कळ वर्षं काम केलं. मग एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या. आता मी दवाखान्याच्या माळ्यावर आहे. पंपाचा वायसर सुकलाय, टाकीला पोचा आलाय. मला घासूनपुसून ठेवलंत तर छानच, मी नाही म्हणणार नाही.

पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळंच आहे. दूरवरून उखडून आलेली माणसं तुमच्या गावात येतील. त्यांची काळजी घ्यायला जाल तेव्हा आधी त्यांना विचारा. आणि त्यांनी नको म्हटलं, तर घरी परत येऊ नका. स्टोव्ह उचला आणि रस्ता ओलांडा.