तीन सामन्यांचा पिचर

शिरीष देशमुख अमरावतीला कॉलेजात बेसबॉल खेळायचा. शिकायला न्यूझीलंडला आला, शिक्षण संपल्यावर ऑकलंडच्या ओटाहुहू भागात टायरच्या गोदामात नोकरीला लागला आणि रविवारी एका क्लबकडून पिचिंग, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकण्याचं काम, करू लागला. २०१८ साली ऑकलंडात नवा व्यावसायिक संघ उभा राहिला. निवड चाचणीत शिरीषचा चेंडू बॅटजवळ येऊन एकदम खाली बुडत होता. कोचने त्याला घेतलं.

त्याने आईला फोन केला.

"आई, आता मला खेळायचा पगार मिळणार."

"क्रिकेटचा?"

"नाही गं, बेसबॉलचा."

"बरं. जपून खेळ," आई म्हणाली, आणि मग शेजारच्या नीलिमाच्या लग्नाचं सांगत बसली.

घरच्या मैदानावरच्या सामन्याला खेळाडूंना पास मिळायचे. इतरांच्या बायका, आईबाप, मामा-मावश्या यायच्या. शिरीषने ऑकलंडातच फ्लॅट बुशला राहणाऱ्या प्रसादला विचारलं. कॉलेजात दोघे एका खोलीत राहिले होते.

"अरे, वीकेंडला पोरांचं स्विमिंग असतं," प्रसाद म्हणाला. "आणि मला त्यातलं काही कळतही नाही."

पहिल्या सामन्यात शिरीषने समोर आलेले तिन्ही फलंदाज बाद केले. टाळ्या वाजल्या. त्याने सवयीने स्टँडकडे पाहिलं, पण ओळखीचं कुणीच नव्हतं. दुसराही सामना चांगला गेला. तिसऱ्यात चेंडू टाकताना कोपरात काहीतरी तटकन तुटलं आणि हात लोंबकळला.

"घरी कुणाला कळवू?" कोचने विचारलं.

"इथे कुणी नाहीये."

ऑपरेशन झालं. हात बरा झाला, पण चेंडूचा वेग परत आला नाही. पुढच्या हंगामाच्या संघात त्याचं नाव नव्हतं. तो ख्राइस्टचर्चला गेला आणि २०११च्या भूकंपानंतर नव्याने उठणाऱ्या इमारतींच्या कामावर लागला. तिथे बेसबॉलविषयी तो कुणापाशी बोलला नाही.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तविता नावाचा सामोअन सुतार मोबाइल घेऊन जवळ आला. "ब्रो, हा तू आहेस का?"

पडद्यावर शिरीष चेंडू टाकत होता. फलंदाजाची बॅट हवेतच फिरली.

"हो," तो म्हणाला.

"परत लावू?"

शिरीष बाकावर सरकला आणि त्याने तविताला शेजारी जागा दिली. "त्याच्या बॅटकडे नको, माझ्या बोटांकडे बघ," तो म्हणाला.