पाठीवर दोन टीबी

मित्रांनो, माझ्या पाठीवर ‘दोन टीबी’ असं ठळक कोरलेलं आहे. त्याखाली एक चंदेरी पट्टी होती, ती कधीच निघून गेली. मी एक हार्ड डिस्क आहे, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं आणि बरेच दिवस सगळे तसंच समजत होते. खरं काय ते पुढे येईलच.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. भिंतीला लागून टेबलं होती, टेबलांवर छोटे पंखे होते आणि हवेत गरम डिंकाचा वास होता. तिथे एका बाईने एका पट्टीवर नखाएवढं मेमरी कार्ड बसवलं. साध्या फोनमध्ये असतं तसलं, चार जीबीचं. शेजारच्या टेबलावर एका माणसाने माझ्यात एक सूचना भरली. कोणत्याही कॉम्प्युटरने विचारलं, की तुझ्यात जागा किती, तर ‘दोन हजार जीबी’, म्हणजे दोन टीबी, असं उत्तर द्यायचं. मग बाईने माझ्या पोटात एक लोखंडी चकती चिकटवली. वस्तू हाताला हलकी लागली, की गिऱ्हाइकाला शंका येते ना! “आता कशी भारदस्त वाटते,” ती म्हणाली आणि तिने पुढची हातात घेतली. ती बाई वाईट नव्हती. तिच्यापुढे चकत्यांचा ढीग पडला होता.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. माझ्या वाट्याला तर कथीलही आलं नाही.

पुढे इंटरनेटवरच्या एका दुकानात माझा फोटो लागला. फोटोखाली ताऱ्यांची रांग होती आणि त्याखाली कौतुकाची. ते कौतुक कोणी नीट वाचलं असतं तर चक्रावून गेलं असतं. एकीने लिहिलं होतं, ‘शिलाई पक्की आहे.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘दोनदा धुतली, रंग गेला नाही.’ त्या जागी आधी उशांचे अभ्रे विकायला होते. अभ्रे गेले, मी आले, तारे तसेच राहिले. पण खाली जाऊन वाचतो कोण? तारे दिसले, की बोट पुढे जातं.

असंच एक बोट चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईचं होतं. ती घाईत होती आणि तिची घाई खरी होती.

तिच्या वडिलांचं घराला लागूनच केस कापायचं दुकान होतं. लोक त्यांना रेडिओकाका म्हणत, कारण कात्री थांबली तरी त्यांचं तोंड थांबत नसे. एकेका गिऱ्हाइकाला ते अशा गोष्टी सांगत, की केस कापून झाले तरी माणूस खुर्चीतून उठत नसे. त्या रेडिओकाकांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

“निम्मी गिऱ्हाइकं म्हणतील, सुटलो एकदाचे!” काका घरी येऊन म्हणाले. त्यांची बायको हसली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

लेकीला तेव्हा दिवस गेले होते. होणाऱ्या बाळाने आजोबांचा आवाज ऐकलाच पाहिजे, असं तिच्या मनाने घेतलं. दुकान बंद झालं, की ती वडिलांना त्यांच्याच खुर्चीत बसवायची, फोन आरशाला टेकवून उभा करायची आणि म्हणायची, “हं बाबा, बोला.” पण फोन लवकरच भरला. म्हणून मी त्या घरात आले.

खोकं उघडताना तिचा नवरा म्हणाला, “अगं, एवढी जागा आणि एवढी स्वस्त? इतरांच्या किमतींशी ताडून तरी बघायचंस.”

“बाबांकडे दिवस किती उरलेत आणि तुला भाव सुचतोय!”

त्याने मला काकांच्या हातात दिलं. रेडिओकाकांनी मला तळहातावर तोललं. “वजनदार आहे गं पोरी. माल खरा दिसतोय.” लोखंडी चकतीने आपलं काम चोख केलं.

मग फोनमधले व्हिडिओ माझ्याकडे आले. “एकदा उघडून बघ,” नवरा म्हणाला. तिने पहिला उघडला. तो छान चालला. “झालं, शितावरून भाताची परीक्षा,” असं म्हणून तिने फोनमधलं सगळं पुसून टाकलं. भाताची परीक्षा तशी होते, मित्रांनो. माझ्यासारखीची होत नाही. सुरुवातीचं माझ्यात खरोखरच राहत होतं. कार्ड भरल्यावर मात्र पुढचं काहीच लिहिलं जात नव्हतं. यादीत फक्त नाव उमटायचं, शेजारी तारीख उमटायची, आकार उमटायचा. आत शून्य. पुढच्या कितीतरी गोष्टी तशाच आल्या आणि गेल्या. त्या काय होत्या हे मला सांगता येणार नाही, कारण मी त्या ऐकल्याच नाहीत. मला नावं तेवढी माहीत आहेत. ‘टकल्याची कंगवाखरेदी’. ‘दोन जुळे आणि एक आरसा’. ‘आमची पोरगी पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा’.

ऑपरेशन नीट पार पडलं. काका घरी आले, पाटीवर लिहून बोलू लागले, पुढे दुकानही उघडू लागले. लेकीला मुलगी झाली. घर बाळाच्या मागे धावण्यात दंग झालं आणि मी कपाटात पडून राहिले.

बाळ उठून बसायला लागलं, तेव्हा एका सुटीच्या सकाळी लेकीने मला बाहेर काढलं. सगळे टीव्हीसमोर जमले. पहिले काही व्हिडिओ चालले. पुढचा उघडेना. त्याच्या पुढचा उघडेना. ती एकेक नाव दाबत गेली आणि पडदा काळाच राहिला. “वायर सैल असेल,” ती म्हणाली. तिने वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. नवरा शेजारी बसून होता. ‘मी म्हणालो होतो’ हे वाक्य त्याने त्या दिवशी उच्चारलं नाही आणि नंतरही कधी उच्चारलं नाही. काकांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘जाऊ दे. रटाळच होत्या.’ ते वाचून मात्र तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान चालवणाऱ्या बाईंनी माझ्या फटीत पातळ पातं घातलं. मी उघडले. चकती काचेच्या टेबलावर खणकन पडली.

“ताई, ही हार्ड डिस्क नाहीच. आत साधं मेमरी कार्ड चिकटवलंय.”

“पण नावं दिसतात ना सगळी! तुम्ही काढून द्या हो. हवे तितके दिवस ठेवून घ्या.”

“पुसलं गेलं असतं तर शोधलं असतं. हे लिहिलंच गेलं नाही. पाण्यावर लिहिलेलं कुठून वाचू?” त्यांनी फोनही मागून घेतला आणि खूप खटपट केली. त्याच्यात बाळाचे फोटो काठोकाठ भरले होते. खालचं जुनं काही हाती लागलं नाही.

“घेतल्या घेतल्या ही पूर्ण भरून, पुन्हा सगळं वाचून बघायला हवं होतं,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात. वेळ खातात, पण खोटं उघडं पाडतात.”

“आता मला सांगून काय उपयोग?”

बाईंनी हनुवटीने तिच्या मागे खूण केली. लेकीच्या मागे एक वयस्कर माणूस उभा होता. त्याच्या हातात माझ्यासारखीच एक होती, फक्त रंग निळा आणि कंपनीचं नाव वेगळं. ती फार हळू चालते अशी त्याची तक्रार होती.

लेक डोळे पुसून त्याच्याकडे वळली. “काका, हिच्यात जे ठेवलंय, ते मूळ ठिकाणी आहे ना अजून?”

“आहे की. आज पुसणार होतो, जागा करायची म्हणून.”

“पुसू नका,” ती म्हणाली. “आधी माझी बघा.” आणि तिने उघड्या पोटानिशी मला त्याच्यापुढे ठेवलं. माझ्या आयुष्यातलं उपयोगाचं काम म्हणायचं तर तेवढंच.

मला विकणारं दुकान नेटवर शोधलं, तर ते गायब झालं होतं. माझा फोटो मात्र दुसऱ्याच नावाखाली हसत होता.

मित्रांनो, मी तुमच्याकडे दया मागत नाही. माझ्यासारख्या अजून पुष्कळ आहेत आणि त्या हातात घेतल्यावर माझ्याइतक्याच छान वाटतात. म्हणून जागा भरपूर आणि किंमत नगण्य दिसली, की थांबा. तारे मोजण्याआधी खालचं लिहिलेलं वाचा. विकणारा कोण, कधीपासूनचा, ते बघा. वस्तू आल्यावर ती पूर्ण भरून, वाचून पारखा. आणि ज्याची दुसरी प्रत होऊ शकत नाही, ते एकाच जागी कधीही ठेवू नका, मग ती जागा कितीही खरी असो.

माझ्यातलं जेवढं वाचलं, तेवढं लेकीने दोन ठिकाणी उतरवून घेतलं. त्यात बरेच तर नुसते प्रयत्न आहेत. “हे चालू आहे का?” “केस नीट दिसतात ना माझे?” “अगं, तुझ्या आईला सांग, मागे भांडी वाजवू नको म्हणावं.” गोष्ट अशी एकच, तीही अर्धी.

परवा नात तीच गोष्ट पाहत होती. ती आता घडाघडा बोलते. पडद्यावर रेडिओकाका सांगत होते: एक पैलवान दाढी करायला आला. अर्धी मिशी उडाली आणि तेवढ्यात त्याच्या कुस्तीचा पुकारा झाला. गडी तसाच धावत आखाड्यात. समोरच्या पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं, आणि—

तिथे मी संपते.

“पुढे काय?” नातीने विचारलं. नेहमी तिची आई सांगायची, “मग पैलवान जिंकला.” या वेळी काका खुर्चीतून उठले. त्यांनी रुमालाने अर्धा ओठ झाकला आणि छाती काढून खोलीभर चालले. मग रुमाल फेकून ते समोरचा पैलवान झाले. त्यांनी पाहिलं, गाल फुगवले, पोट गदगदा हलवलं आणि सतरंजीवर आडवे होऊन पाय हवेत झाडू लागले. तोंडातून आवाज नाही.

“अहो, कंबर सांभाळा!” आजी आतून ओरडली.

“पडला! हसून हसून पडला!” नात किंचाळली.

“आणि मग आपला पैलवान जिंकला,” लेक म्हणाली.

काकांनी पडल्या पडल्या जोरात मान हलवली. नाही. नातीने विचार केला. “तोपण हसला?” काकांचे डोळे चमकले. “तोपण पडला? दोघं पडले!” काकांनी टाळ्या पिटल्या.

लेकीला हा शेवट मुळीच आठवत नव्हता. तिने पटकन फोन उचलला, फुलदाणीला टेकवून उभा केला आणि म्हणाली, “बाबा, परत एकदा पडा.”