सतरा ब्रह्मकमळं आणि दरबानचे बूट

मी बडबड्या माणूस. बायको मला रेडिओ म्हणते, आणि त्याला बंद करायचं बटण नाही असंही चारचौघांत सांगते. अशा मला गेल्या साली नंदादेवीच्या पूजेसाठी, नंदाष्टमीची फुलं आणायला नेमलं, तेव्हा अख्खं गाव पोट धरून हसलं. कारण फुलं आणणाऱ्यानं उपाशी, अनवाणी जायचं, आणि वरच्या कुरणाच्या तोंडाशी दगडांची रास आहे, तिथून पुढे अवाक्षर काढायचं नाही. जो बोलला, त्यानं त्या दिवशी ब्रह्मकमळाला हात लावायचा नाही.

सोबत मेहुणा निघाला, दरबान त्याचं नाव; मला तो भिना म्हणतो, म्हणजे भावोजी. त्याचं खाली मोटाररस्त्यावर दुकान आहे. यात्रेकरूंना फुलं विकायची म्हणून भलंमोठं पोतं घेतलेलं, आणि पायात नवेकोरे पांढरे बूट.

"भिना, तुम्ही दहा पावलंसुद्धा गप्प राहणार नाही," तो वाटभर मला डिवचत होता. "मग फुलं सगळी माझी!"

"अरे, आजोबांच्या वेळी तो उतार पांढरा दिसायचा. बी पडायच्या आत लोकांनी पोती भरून नेली, मेंढ्यांनी उरलेली तुडवली. उद्या आपली नंदादेवी माहेरून सासरी निघाली की तिच्या ओटीत काय घालायचं? तुझ्या दुकानातली बिस्किटं?"

"एका पोत्यानं काय डोंगर बोडका होतोय?"

राशीपाशी दोघं गप्प झालो. त्यानं बूट काढले, पण चोरीच्या भीतीनं नाड्या बांधून गळ्यात अडकवले.

वर पोचलो. अख्ख्या उतारावर फुलं फक्त सतरा. मी तीनदा मोजली. हात जोडून पूजेपुरती पाच काढली आणि दरबानला खूण केली, बस्स. त्यानं नाही म्हणून मान हलवली, बूट दगडावर ठेवले आणि पोत्याचं तोंड उघडलं.

जिभेच्या टोकावर आलेल्या शिव्या मी गिळल्या. एक शब्द निघाला असता, तर त्याला अडवणारं कुणी उरलं नसतं. हात धरला, तर त्यानं झटकला. तेवढ्यात बूट दिसले. ते पायात घालायला बंदी. हातांबद्दल कुणी कधी काही म्हटलेलं नाही. मी ते दोन्ही हातांत घातले, रांगायला लागलो आणि थेट मेंढ्यांच्या लेंड्यांच्या चिखलात शिरलो. पचाक, पचाक.

"अहो भिना! माझे बूट!"

समोरच्या कड्यानंही ते दोनदा सांगितलं. दरबाननं कपाळावर हात मारून घेतला. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, आवाज न करता.

गावात चैता बोडीनं, आमच्या थोरल्या काकूनं, ताटातली पाच फुलं पाहिली. "एवढीच? आणि तो रिकामं पोतं घेऊन का आला?"

मी तोंड उघडणार, तोच दरबान पुटपुटला, "बोडी, मी बोललो."

यंदाही मलाच नेमलं. दरबान पुन्हा सोबत आला, पण पोत्याशिवाय. राशीपाशी त्यानं बूट काढले, मी ओठ मिटले, आणि हा पठ्ठ्या राशीपलीकडे एक पाऊल टाकून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "भिना, हवा काय झकास सुटलीय!"

मी डोळे वटारले.

"झालं, बोललो मी. आज माझा हात फुलाला लागत नाही. तुम्ही व्हा पुढे." तो बूट पोटाशी धरून दगडावर बसला. "कुणी पोतं घेऊन आलाच, तर त्याला इथेच बोलतं करतो."